अकरा वर्षांची शून्यं

३ तारीख, सोमवार

धाकट्या,

प्रिय वगैरे लिहीत नाही, तुला हसू येईल. फोन तू तीन वर्षांत एकदाही उचललेला नाहीस, म्हणून पत्र. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

आधी मुद्द्याचं. आई धडधाकट आहे. काल दुपारी साडेबाराला शेजारच्या शिंपीणबाईंच्या अंगणात जमीन खचली. कपडे वाळत घालायची दोरी, तिचे दोन्ही खांब, लोखंडी बाक आणि शिलाई मशीनचं जुनं टेबल, सगळं खाली गेलं. ती स्वतः चहा टाकायला आत गेली होती म्हणून वाचली. भगदाड एका खोलीएवढं आहे आणि तळ दिसत नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून नऊ पावलं. मी मोजत होते तेव्हा पोलिसाने दंडाला धरून मला मागे आणलं. माझ्या वयाचा तरी मान ठेवायचा.

आपल्या गल्लीतली चौदा घरं रिकामी करायचा हुकूम आहे. तेरा झाली. चौदावं आपलं, आणि आई हलत नाही. खिडकीपाशी वेताची खुर्ची ओढून बसली आहे. पोलीस येऊन गेला, अग्निशमनवाला येऊन गेला. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिने लावून दिलं, वर विचारलं, लग्न झालंय का. तो बिचारा बटण लावून घेऊन परत गेला. जोरजबरदस्ती करावी तर ब्याऐंशी वर्षांची बाई, उचलताना काही झालं तर कोण निस्तरणार, असा सगळ्यांना घोर.

त्यांचा मोठा साहेब मला विचारतो, ‘बाई, खाली डोलोमाईट आहे हे तुम्हाला माहीत होतं का?’ मला विचारतो. एकोणतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले मी, आणि ह्या कॉलनीच्या देखरेख समितीवर अकरा वर्षं आहे. त्याला उभ्या उभ्या सांगितलं, हा दगड पाण्याने हळूहळू झिजतो, त्यात पोकळ्या असतात, कुठे पाइप गळला की वरची माती त्या पोकळ्यांत उतरत जाते आणि एक दिवस वरचं सगळं खाली बसतं. म्हणून तर इथे घरं बांधायची परवानगी अटींवर मिळाली. पाइप उघड्या नालीतून, भिंतीपासून तीन पावलांत झाड नाही, छपराचं पाणी गटारात. आणि घराच्या फरशीखाली पाइपचा जो तुकडा दिसत नाही, त्याच्यासाठी बंद तास. महिन्याच्या पहिल्या रविवारी नऊ ते अकरा पाणी बंद, मीटरचा आकडा आधी आणि नंतर, चिठ्ठी माझ्याकडे, नोंद रजिस्टरमध्ये. आकडा हलला नाही तर गळती नाही.

काल पहिला रविवार होता. अकरा वाजता एकशेबारा घरांच्या चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या. सगळ्या शून्य. दीड तासाने जमीन गेली. आता तूच सांग, मी आणखी काय करायला हवं होतं?

असो. आई माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. ये आणि तिला उठव.

आत्ताच तिने विचारलं, ‘त्या मीटिंगचं लिहिलंस का?’ मी हो म्हटलं. खोटं नाही, हा बघ, मीटिंग शब्द आला.

ताई

८ तारीख, शनिवार

धाकट्या,

तुझ्या बायकोचा निरोप मिळाला. दोन ओळी. ‘त्यांनी पाकीट उघडलं नाही, मी उघडलं. आईंना जपा.’ आईंना जपा म्हणे. मी इथे काय पत्ते कुटते आहे? गल्लीचं पाणी रविवारीच तोडलं, तेव्हापासून रोज चार कळश्या मी पहिल्या गल्लीतल्या माझ्या घरून वाहते आहे. एकसष्ट वर्षांच्या बाईने पोलिसाची फीत वाकून ओलांडायची, आणि प्रत्येक वेळी त्याला नव्याने सांगायचं की आत माझी आई आहे. तो प्रत्येक वेळी म्हणतो, अच्छा.

तू पाकीट उघडत नाहीस हे मात्र तुला शोभतं. लहानपणी रुसलास की ताटावर बसायचास पण घास घ्यायचा नाहीस. आई भरवायची. आता ह्या वयात कोण भरवणार?

इथे सगळा आनंद आहे. भगदाड बुजवायचं कुणी, यावर तीन खात्यांत पत्रापत्री चालली आहे. रस्तेखातं म्हणतं, रस्त्यावर नाही. पाणीखातं, माझंच, म्हणतं आमच्या मुख्य वाहिनीला काही झालेलं नाही. बांधकामखातं म्हणतं आधी अहवाल येऊ दे. तोवर कडेची माती रोज थोडी थोडी आत जाते आहे, तिला कुणाच्या सहीची गरज लागत नाही. आपले अध्यक्ष तर धन्यच. त्यांनी शोध लावला आहे की शिंपीणबाईंनी कुंड्यांना फार पाणी घातलं. पाच कुंड्या. त्या बाईचं घर गेल्यात जमा आहे, नात्यातल्या कुणाकडे गादी टाकून राहते आहे, आणि हे तिला कुंड्या मोजायला लावताहेत. मी त्यांना समितीच्या खोलीत चार माणसांदेखत झापलं. काही उपयोग झाला नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

बांधकामखात्याने जमीन तपासायला एक मुलगी पाठवली आहे. तिशीची असेल, पायात भले मोठे बूट, आईने पहिल्याच दिवशी तिचं नाव दगडवाली ठेवलं. ती त्याच नावाला ओ देते. तिने बोअरचं यंत्र लावलंय. दर मीटरला किती सेकंद लागले ते वहीत लिहिते. सेकंद कमी झाले की दगड पोकळ. हुशार आहे, पण आगाऊ. काल माझं रजिस्टर मागितलं. मी दिलं, मला काय लपवायचं आहे? तिने पानं उलटली, पहिली दोन पानं बारकाईने वाचली, मग भराभर शेवटपर्यंत गेली. म्हणाली, ‘पुढे सगळीकडे शून्य?’

म्हटलं, शिस्त आहे आमच्याकडे.

ती म्हणाली, ‘एकशेबारा घरांत अकरा वर्षं एकाही नळाचा वॉशर झिजला नाही?’

मला राग आला. मी रजिस्टर परत घेतलं.

तुझी बायको हे वाचते आहेच तर तिच्यासाठी मीटिंगचंही सांगून टाकते, म्हणजे आई गप्प बसेल. तू भर सभेत उठून म्हणालास की घर शांत झालं की फरशीखालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, फरशी उकरून बघू या. मी तेव्हा काय केलं? रजिस्टर उघडून आपल्या घराची आठ वर्षं दाखवली, शून्य, शून्य, शून्य. आणि आईला सगळ्यांसमोर विचारलं, ‘आई, तू दिवसभर त्याच घरात असतेस, तुला येतो का आवाज?’ ती नाही म्हणाली. पुढच्याच रांगेत बसली होती, अख्ख्या हॉलने ऐकलं. मग नंतर मी जे काही बोलले ते बोलले. माणूस रागात बोलतो. त्यावर आठ दिवसांत सामान बांधून घर सोडायचं नसतं.

झालं, लिहिलं. आता तरी ये.

ताई

१३ तारीख, गुरुवार

धाकट्या,

नऊची सहा पावलं झाली आहेत. हे आधी लिहिते कारण बाकीचं लिहायला मला वेळ लागणार आहे.

परवा सकाळी दगडवाली माझ्या दारात आली. म्हणाली, तुमचा बंद तास कसा घेता ते मला करून दाखवा. आपल्या गल्लीचं पाणी तिने अर्ध्या तासापुरतं सोडवून घेतलं होतं. मी तिला आईच्या फाटकापाशी नेलं, मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं, आणि मेन कॉक बंद केला.

‘बस?’ तिने विचारलं.

‘बस. आता दोन तास आकडा हलणार नाही.’

ती हसली असती तर बरं झालं असतं, मी तिला चार शब्द सुनावले असते. ती खाली बसली आणि रस्त्यावरून येणाऱ्या पाइपवर बोट ठेवत हळूहळू घराकडे आली. आधी कॉक. मग मीटर. मग घर. म्हणाली, ‘बाई, पाणी मीटरच्या आधीच अडवलंत, तर आत धबधबा असला तरी आकडा कसा हलेल?’

एकोणतीस वर्षं मीटर वाचले मी, धाकट्या. मीटर कसा चालतो हे मला शिकवायला तिशीची मुलगी लागली.

मग तिने मला आत पाठवलं. आईकडचे सातही नळ घट्ट केले, माळ्यावरच्या टाकीचा पाइप बंद केला, आणि बाहेरून तिने कॉक उघडला. मीटरवरचा तो छोटा लाल काटा असतो ना, तो फिरत होता. हळू, पण फिरत होता. घरात एक थेंब कुठे पडत नव्हता. दगडवालीने घड्याळ लावून पाच मिनिटं पाहिलं, कॉक बंद केला आणि वहीत लिहिलं.

हे असं कसं झालं, ते ऐक. सुरुवातीला बंद तास बरोबरच होता. कॉक उघडा ठेवायचा, घरातले सगळे नळ बंद करायचे. रजिस्टरची पहिली दोन पानं त्याचीच आहेत. पहिल्या महिन्यात एकोणीस घरांचा आकडा हलला, दुसऱ्या महिन्यात बावीस. कुणाची फ्लशची टाकी, कुणाचा बाथरूमचा नळ. केवढा तमाशा झाला होता. लोकांनी मला अक्षरशः घेरलं. त्यात आईचे गुडघे. सात नळ फिरून बंद करायचे, वर माळ्याची शिडी चढायची, तुम्ही दोघं रविवारीही कामावर, मी चिठ्ठ्या गोळा करत फिरणार. म्हणून मी सूचनेत एक ओळ घातली. ‘घरात फक्त वृद्ध व्यक्ती असल्यास मेन कॉक बंद केला तरी चालेल.’ एक ओळ, आईसाठी.

चार महिन्यांत कॉलनीतल्या सगळ्या घरांत वृद्ध व्यक्ती निघाल्या. एका झटक्यात काम होतंय म्हटल्यावर सात नळ कोण फिरवणार? आकडे शून्यावर आले. सभा दहा मिनिटांत संपायला लागल्या. वर्षअखेरीला समितीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ‘गळतीमुक्त वसाहत’ असं कोरून. ते अजून माझ्या हॉलमध्ये टिकटिकतंय.

म्हणजे चूक कुणाची म्हणशील? मी सवलत दिली ती म्हाताऱ्यांना. लोकांनी तिचा बाजार केला त्याला मी काय करणार? हे मी दगडवालीलाही सांगितलं. ती नुसती मान हलवत होती. मग तिने बाकीची एकशेअकरा घरं खऱ्या पद्धतीने तपासायला घेतली, मला बरोबर घेऊन. आज संध्याकाळपर्यंत अठ्ठावन्न झाली, चौदा गळताहेत. अध्यक्षांच्या घराचा काटा तर पंख्यासारखा फिरत होता, कुंड्या एकही नाही. माझ्या घरी शून्य निघालं. खरं शून्य. मला त्याचा काहीच आनंद झाला नाही.

मी तिला वैतागून म्हटलं, मग ह्या जमिनीवर घरं बांधायलाच नको होती. ती म्हणाली, ‘जमीन इतकी वाईट नाही, बाई. पाणी कुठे जातंय ते माहीत असेल तर इथे शंभर वर्षं राहता येतं.’ तेवढंच तर माझं काम होतं.

आता आईचं. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत बोअर घेतला. चार मीटरवर यंत्राचं हत्यार हातातून सुटल्यासारखं खाली गेलं. दगडवालीने आईसमोर बसून सगळं समजावलं. दोन दिवस, फार तर तीन, मग कुणी विचारायला येणार नाही, उचलून नेतील. आईने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, ‘धाकट्याला सगळ्यांसमोर जे बोलली ते हिने कागदावर परत घ्यावं. मला वाचून दाखवावं. मग मी माझ्या पायांनी उठते.’

मी म्हटलं, आई, आधी ऊठ, मग पानंच्या पानं लिहिते. ती म्हणाली, ‘तुझं नंतर मला माहीत आहे.’

हे पत्र मी माझ्या घरी बसून लिहिलं आणि तिला वाचून दाखवायला घेऊन गेले. तिने इथपर्यंत ऐकलं. म्हणाली, ‘मीटरचं झालं. पोराचं कुठे आहे?’

आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली.

ताई

१४ तारीख, शुक्रवार, सकाळचे दहा

धाकट्या, आणि तू सुद्धा, जी हे वाचते आहेस,

आईच्याच स्वयंपाकघरात, तिच्या टेबलावर बसून लिहिते आहे. घरी बसून मला ते जमत नाही हे काल दोघींनाही कळलं. खिडकीच्या कोपऱ्यातून खालपर्यंत भेग गेली आहे, काल बोट जात नव्हतं, आज जातंय. दगडवाली फाटकाशी घड्याळ धरून उभी आहे, तिने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आईच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट आहे. तिला ते मोठं होतंय, सारखं नाकावर येतं, आणि त्याखालून ती माझ्या पेनाकडे बघते आहे. म्हणजे मी जितका वेळ घालवेन तितका वेळ ती इथे बसणार. अशी बाई आहे ही.

तेव्हा लिहिते. त्या दिवशी आई नाही म्हणाल्यावर मी तुला सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ह्याच्या बायकोला सासूजवळ राहायचं नाही, म्हणून ह्याच्या घराखाली पाणी वाहतं.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. हॉल हसला. मी पण हसले. तू उभाच होतास. तुझी बायको पर्स उचलून मधल्या वाटेने निघाली, आणि मी तिच्या पाठीकडे हात करून म्हणाले, बघा.

ते खोटं होतं. तिने मला कधी अवाक्षर बोललेलं नव्हतं. आईचे गुडघे चोळायची ती, मी नाही. पाणी वाहत होतं. तू खरं बोलत होतास. मी माझे शब्द परत घेते.

आता जे आईलाही माहीत नाही ते. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या महिन्यात एका दुपारी मी आईकडे आले होते. ती झोपली होती. घरात एकही नळ चालू नव्हता. बंद तासाचा दिवस नव्हता, म्हणून कॉक उघडा होता. जाताना मी सवयीने मीटरची पेटी उघडली. लाल काटा फिरत होता.

मी स्वतःला सांगितलं, वर टाकी भरत असेल. दुपारचे तीन वाजले होते, टाकी सकाळी आठलाच भरते. शिडी चढून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी पेटीचं झाकण लावलं आणि घरी गेले. तो काटा खरा मानला तर तू खरा ठरत होतास, तुला फोन करावा लागला असता, सभेत उभं राहून सांगावं लागलं असतं, रजिस्टर फाडून टाकावं लागलं असतं, आणि ते घड्याळ परत करावं लागलं असतं. त्यानंतर तीन वर्षं मी ती पेटी फक्त पहिल्या रविवारी उघडली, कॉक बंद असताना. तेव्हा सगळं बरं दिसतं. कॉलनीची चूक, लोकांनी सवलतीचा बाजार केला, हे जे काल लिहिलं ते तसंच राहू दे, पण मला कळलं नव्हतं असं मात्र समजू नकोस. मला कळलं होतं. शिंपीणबाई चहा टाकायला आत गेली म्हणून आज मी नुसती लाजते आहे, नाहीतर काय करत असते कुणास ठाऊक.

रजिस्टर मी सकाळी दगडवालीला देऊन टाकलं. त्या दुपारचंही तिला सांगितलं, तिने अहवालात लिहून घेतलं, मी खाली सही केली. अध्यक्षांना आता कुंड्या मोजायची गरज नाही.

इतकं लिहून झालं आणि आईला वाचून दाखवलं.

ती खिडकीतल्या भेगेकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नसेल, हेल्मेट कानावर आलंय. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तर तिने हाताने थांबवलं. म्हणाली, ‘मला पण ऐकू येत होता.’

मी म्हटलं, काय?

‘आवाज. त्याच्याही आधीपासून. तू भर सभेत विचारलंस आणि मी नाही म्हटलं.’

मी म्हटलं, ‘का ग?’

तिने हेल्मेटचा पट्टा चाचपला. म्हणाली, ‘दोघांतल्या एकाला खोटं पाडायचं होतं. तो रागावला तरी परत येईल असं वाटलं. तू रागावली असतीस तर परत आली नसतीस.’

आणि म्हणाली, हे पण लिही. लिहिलं.

आता ती उठली आहे. पेन ठेवते, तिला चपला सापडत नाहीयेत.

ताई